शेजारची चौकट

गेल्या नोव्हेंबरात अजिंठ्याहून एका बाईंचा फोन आला. अजिंठा म्हणजे गाव, लेणी नव्हेत. सिल्लोड तालुक्यातलं, घाटमाथ्यावरचं, जुन्या तटबंदीचं आणि वेशीचं गाव. बाई म्हणाल्या, "भाई, तुमच्या मासिकात पंधरा तारीख शेवटची लिहिली होती. इथले साहेब म्हणतात अशी काही तारीखच नाही. मग खरं काय?"

मला आधी काही उलगडेना. त्यांनी वाचला होता जन्मनोंदीतल्या नावाच्या दुरुस्तीवरचा आमचा लेख. मुलीच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव एका तऱ्हेनं, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेनं, आधारवर तिसऱ्याच तऱ्हेनं. हे आपल्या घरोघरी आहे. शेख, शैख, शेक. लेखात कुठलीही अंतिम तारीख नव्हती, कारण स्पेलिंगच्या दुरुस्तीला ती नसतेच. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १५ निबंधकाला चूक दुरुस्त करण्याचा अधिकार देतं, आणि खेडेगावात हा निबंधक म्हणजे बहुधा आपला ग्रामसेवक. म्हणजे बाईंना जायचं होतं स्वतःच्या गावच्या ग्रामपंचायतीत. त्या गेल्या सिल्लोडला, दोन वेळा, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत. दोन दिवसांची मजुरी बुडाली, जीपचं भाडं उसनं घेतलं.

पंधरा तारीख कुठून आली, ते मी माझ्या फोनवर तोच लेख उघडला तेव्हा दिसलं. लेख संपतो आणि लगेच खाली, ठळक अक्षरांत, रंगीत चौकटीत: 'शेवटची तारीख १५ नोव्हेंबर. त्वरा करा.' ती चौकट होती शिष्यवृत्तीच्या अर्जाची. साइटच्या प्रत्येक पानाच्या बाजूला ती लावलेली होती. शिष्यवृत्ती हा शब्द चौकटीत होता, पण खाली, बारीक अक्षरांत. आम्ही मोठ्या अक्षरांत लिहिली होती ती फक्त घाई.

बाईंची चूक नव्हती. ज्या मजकुराशेजारी किंवा ज्याच्या पायाशी एखादी गोष्ट छापली आहे, ती त्याच मजकुराची, असंच वाचणारा धरतो. आम्ही तिथे दुसरंच काही ठेवलं, म्हणून चूक आमची. ती कशी झाली आणि ती सुधारताना काय कळलं, ते इथे मांडतो आहे. शाळा, मोहल्ल्यातल्या संस्था, वाचनालयं, बचत गट हे सगळे आता आपापल्या साइट चालवतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या साइटवर अशीच एक चौकट असते.

आमची साइट वर्डप्रेसवर आहे. साइडबार, म्हणजे पानाच्या कडेची पट्टी, ही तिथे लेखाचा भाग नसते, ती पूर्ण साइटच्या साच्याचा भाग असते. २००७ पासून वर्डप्रेसमध्ये 'विजेट' नावाचे तुकडे आहेत. एक तुकडा उचलायचा, पट्टीत ठेवायचा, संपलं. एकदा ठेवला की तो शेकडो पानांवर एकसारखा दिसतो. सोय मोठी आहे, आणि धोकाही त्याच सोयीत आहे, कारण ठेवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्या वेळी एकही विशिष्ट पान नसतं. शिवाय आम्ही हे सगळं कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर पाहतो. तिथे पट्टी खरोखर बाजूला असते, मध्ये मोकळी जागा असते, चूक होण्याची शक्यता कमी. फोनवर बाजू नसतेच. पट्टी घसरून लेखाच्या खाली जाते आणि लेखाचं शेवटचं वाक्य होऊन बसते. आमचे बहुतेक वाचक फोनवर वाचतात हे आम्हाला ठाऊक होतं. तरी आम्ही फोनवर पान तपासलं नाही.

ज्या पानाला जे लागू, तेच त्या पानाशेजारी दाखवायचं असेल तर त्यासाठी प्लगइन मिळतात. विजेट लॉजिक नावाचं जुनं प्लगइन आहे. त्यात प्रत्येक तुकड्याखाली एक अट लिहायची: पान अमुक विभागातलं असेल तरच दाखव. ही अट पीएचपीच्या भाषेत लिहावी लागे, आणि एखादा कंस चुकला तर पान पांढरं पडण्याची भीती. जेटपॅकमध्ये हीच गोष्ट कोड न लिहिता, यादीतून निवडून करता येते. कंटेंट अवेअर साइडबार्स पूर्ण पट्टीच बदलून देतं: आरोग्याच्या लेखांना एक पट्टी, कागदपत्रांच्या लेखांना दुसरी. दोन भाषांची साइट असेल तर पॉलीलँगमध्ये प्रत्येक तुकड्याला भाषा नेमता येते. हे आम्ही फार आधी करायला हवं होतं. आमच्या उर्दू पानांवर मराठी चौकटी दिसत होत्या. उर्दू उजवीकडून डावीकडे, त्यामुळे तिथे पट्टी डाव्या हाताला जाते आणि तिच्यातल्या मराठी वाक्याचा पूर्णविराम वाक्याच्या सुरुवातीला जाऊन बसतो. उर्दू वाचकांपैकी कुणी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. त्यांना असल्या वागणुकीची सवय आहे, हे काही आमच्या बाजूचं समर्थन होऊ शकत नाही.

प्लगइन घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. नेमक्या याच कामासाठी डिस्प्ले विजेट्स नावाचं एक फुकट प्लगइन होतं, सुमारे २ लाख साइटवर वापरात. कोणत्या पानावर कोणता तुकडा दाखवायचा हे ते ठरवू देई. ते चांगलं चाललं होतं. २०१७ मध्ये मूळ कर्त्यांनी ते विकलं, आणि नव्या मालकाच्या हाताखाली आलेल्या नव्या आवृत्तीत चोरदरवाजा निघाला. त्या दारातून लोकांच्या साइटवर परस्पर जाहिरातीची पानं चढवली जात. ती पानं साइटच्या मालकाला लॉगिन केल्यावर दिसत नसत, बाहेरच्या वाचकाला मात्र दिसत. वर्डप्रेसच्या भांडारातून ते अनेकदा काढलं गेलं, परत आलं, आणि त्या सप्टेंबरात कायमचं गेलं. म्हणजे शेजारच्या चौकटीत काय दिसावं हे ठरवायला ज्याला किल्ली दिली, त्यानंच ती किल्ली विकली. तेव्हापासून आमचा नेम असा: प्लगइन शेवटचं कधी सुधारलं ते पाहायचं, मालक बदलला का ते पाहायचं, नको असलेलं बंद करून ठेवण्याऐवजी काढूनच टाकायचं, आणि काहीही बदलण्याआधी साइटची प्रत उतरवून घ्यायची. चार पानांची छोटी साइट असेल तर प्लगइन लागतच नाही. लेखाच्या आत, हव्या त्या जागी, चौकट हातानं टाका.

इथवर तंत्र झालं. आम्हाला वाटलं होतं, अटी लिहिल्या की काम संपेल. पण अटी लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो: कोणत्या पानाशेजारी काय? हे प्लगइन सांगत नाही. हे संपादकानं सांगायचं असतं, आणि आम्ही ते वर्षानुवर्षं सांगितलंच नव्हतं.

आमच्या पट्टीत दुसरीही एक चौकट होती, 'सर्वाधिक वाचलेले'. पाच मथळे, यंत्रानं आपोआप निवडलेले. तलाक, हिजाब, दंगल, एका वादग्रस्त सिनेमाबद्दल काहीतरी, आणि पुन्हा तलाक. हे पाच लेख सर्वाधिक वाचले गेले म्हणून पट्टीत, आणि पट्टीत होते म्हणून सर्वाधिक वाचले जात. मधुमेहावरचा लेख उघडा, शेजारी तलाक. मका-मिरचीच्या भावावरचा उघडा, शेजारी दंगल. बाहेरची वृत्तपत्रं आणि वाहिन्या मुसलमानाला ठरलेल्या चार विषयांत कोंबतात, अशी आमची रोजची तक्रार. आणि आमच्या स्वतःच्या घरात आम्ही तेच चार विषय प्रत्येक माणसाच्या शेजारी नेऊन बसवले होते. ते लेख वाईट नाहीत. ते पुन्हा लिहायची वेळ आली तर मी पुन्हा लिहीन. पण मुलीच्या दाखल्याची चिंता घेऊन आलेल्या आईशेजारी त्यांचं काय काम?

आपल्याकडे यावर जुनी आणि चांगली पद्धत होती. मदरशांतली शिकवणीची पुस्तकं पाहिली असतील तर आठवेल. पानाच्या मध्यभागी मतन, म्हणजे मूळ पाठ. त्याच्या भोवती कडेनं बारीक अक्षरांत हाशिया, कधी ओळींच्या मधल्या जागेतही टिपा. हाशियातली प्रत्येक टीप त्याच पानावरच्या एखाद्या शब्दाला बांधलेली. या पानाची टीप त्या पानावर चालत नाही. ज्यू लोकांच्या तालमूदच्या छापील पानांवरही मध्ये पाठ आणि कडेला त्याच पाठाची भाष्यं असतात. मराठीत आपण कडेच्या त्या जागेला समास म्हणतो आणि शाळेत ती कोरी सोडायला शिकतो. भरायचं काहीच नसेल तर कोरा समासही चांगला, हे आम्ही विसरलो.

तर आता अजिंठ्याच्याच पानाकडे येतो. आमच्याकडे शाळेच्या सहलीसोबत लेणी पाहून आलेल्या एका शिक्षकांचा लेख आहे. साधा, मनापासून लिहिलेला. त्याच्याही शेजारी तेच पाच मथळे होते. अटी लिहायच्या यादीत मी हे पान मुद्दाम पहिलं घेतलं आणि हाशियाला काय लिहायचं याची जुळवाजुळव केली.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी लेण्यांपाशी पोचला, हे सगळ्यांना पाठ आहे. रॉबर्ट गिल १८४४ मध्ये चित्रांच्या नकला करायला आला आणि वर्षानुवर्षं अजिंठा गावात राहिला, त्याची पारो इथेच पुरली आहे, हेही सिनेमामुळे बऱ्याच जणांना माहीत. गिलची बरीचशी चित्रं १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. त्यांत पेस्तनजी बोमनजी होते. त्या नकलांपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या.

आता पुढचं फारसं कुणी सांगत नाही. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नकला करायला बंगालहून नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार आले, तसे हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन आले. बोस आणि हालदार यांची नावं कलेच्या पुस्तकांत वाचायला मिळतात, या दोघांची शोधावी लागतात. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. १९१४ मध्ये तिथे पुरातत्त्व खातं सुरू झालं आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. १९२० च्या सुमारास त्यांच्या खात्यानं इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांना बोलावून सुटत चाललेला गिलावा भिंतीला पुन्हा पक्का बसवून घेतला. यझदानींनी १९३० ते १९५५ या काळात 'अजंता' हा ग्रंथ चार भागांत पुरा केला. एका मुसलमान अधिकाऱ्यानं बुद्धाच्या जातककथांच्या चित्रांवर आयुष्याची इतकी वर्षं घालवली, १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, आणि आमच्याच मासिकात त्यांच्यावर एक ओळ नव्हती.

हे लिहिताना मला एक मोह झाला, तोही कबूल करतो. चौकटीला मथळा द्यावा 'अजिंठा वाचवणारे मुसलमान'. आमच्या बैठकीत एका आपांनी तो तिथेच खोडला. त्या म्हणाल्या, मग ही चौकटसुद्धा भांडणाचीच झाली, फक्त बाजू बदलली. त्यांचं बरोबर होतं. म्हणून चौकटीत पेस्तनजी आहेत, बोस आहेत, सय्यद अहमद आहेत. जीर्णोद्धारात चित्रांवर दिलेला लाखेचा मुलामा पुढे पिवळा पडला आणि चित्रं मंद दिसू लागली, हेही त्याच चौकटीत आहे. मथळा साधा ठेवला: 'ही चित्रं आपल्यापर्यंत कशी आली'. हा तुकडा फक्त त्या एका पानावर दिसतो. फोनवर तो लेखाच्या तळाशी पडू नये म्हणून तिसऱ्या परिच्छेदानंतर, लेखातच टाकला आहे.

बाकीच्या पानांचं काम चालू आहे. लेख तपासणाऱ्यानंच त्याची चौकट लिहायची असं ठरलं आहे. तारीख असलेल्या प्रत्येक चौकटीत पहिला शब्द कशाची तारीख ते सांगणारा हवा, आणि तारीख उलटली की ती चौकट उतरवणाऱ्या माणसाचं नाव आमच्या वहीत हवं. 'सर्वाधिक वाचलेले' काढून टाकलं. त्यानंतर त्या पाच लेखांचे वाचक कमी झाले, हेही सांगून टाकतो. आमच्यातल्या काहींना ते रुचलेलं नाही, आणि देणगीदारांना आकडे दाखवायची वेळ येईल तेव्हा हा वाद पुन्हा निघेल.

जन्मनोंदीच्या लेखाशेजारी आता चारच ओळी आहेत: गावात ग्रामपंचायतीत जा, मूळ दाखला आणि शाळेचा दाखला सोबत न्या, अर्जाची पोच घ्या, या कामाला अंतिम तारीख नाही. उर्दू पानावर त्याच ओळी उर्दूत. ते पान मी अजिंठ्याच्या बाईंना पाठवलं. त्यांचा निरोप आला की अर्ज दिला आहे, पोच मिळाली आहे, आणि 'पोच' हा शब्द उर्दू पानावर चुकीचा पडला आहे. रसीद लिहा, त्यांनी सांगितलं. दुरुस्त केला आहे.