पाठमोरी पानं
हानाबी या पत्त्यांच्या खेळात स्वतःची पानं स्वतःला दिसत नाहीत, तोंडं समोरच्यांकडे. ५० पानं, पाच रंग, प्रत्येक रंग एक्क्यापासून पंजीपर्यंत क्रमाने लावायचा. इतरांना त्यांच्या पानांबद्दल इशारा द्यायच्या चकत्या आठच. एक परत हवी तर पान फेकायचं. आंत्वान बोझा या फ्रेंच रचनाकाराच्या या खेळाला २०१३ साली जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ पुरस्कार मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. रविवारी आईच्या हातात हिरवी पंजी होती. पंजी रंगागणिक एकच. फेकली की तो रंग अपुरा. लेकीने शेवटचा इशारा तिच्यावर खर्चला, "आजी, हे पाच." जन्मभर रमीत पानं छातीशी धरलेल्या आईने ते पान टोकाला सरकवलं आणि अंगठ्याने घट्ट दाबून धरलं.