आयडलिंगचा स्क्रू फिरविण्यापूर्वीं

१९७२ सालीं निघालेली चेतक स्कूटर अजून कित्येक घरांत जपलेली आढळते. ती उभी राहतांच बंद पडूं लागली, कीं मंडळी आयडलिंगचा स्क्रू आवळून मोकळी होतात. आमच्या मतें हा रोग झांकण्याचा प्रकार होय. प्रथम तापलेलें इंजिन न्यूट्रलमध्यें चालूं ठेवून हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवावें. आवाज चढल्यास अॅक्सिलरेटरची केबल ताणली जाते असें समजावें. मागें मूल बसलें असतां अशी गाडी वळणावर आपण होऊन धांव घेईल. केबल निर्दोष असल्यास कार्ब्युरेटरचा पायलट जेट साफ करवावा. गाडी फार दिवस उभी राहिल्यास पेट्रोल सुकून त्याचें छिद्र बुजतें. कार्ब्युरेटरच्या सांध्यांतून हवा शिरत असेल, तर पेट्रोलाबरोबर तेलहि कमी पडून पिस्टन जाम होतो. स्क्रूस हात लावावयाचा तो सर्वांत शेवटीं.