काही प्रश्न हैदराबादला विचारा, काही देवाला

मंडळी, उपवासकाळ सुरू आहे. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली, आता दर शुक्रवारी क्रुसाची वाट चालतोय. उत्तन, मनोरी, वसईच्या किनाऱ्यावरच्या आपल्या ख्रिस्ती कोळी घरांत हे दिवस शांतपणे विचार करायचे. म्हणून एक गोष्ट स्पष्टच बोलायची आहे. पटली नाही तर खाली लिहा.

ज्या घरातला माणूस दर्यावर गेला आणि परत आला नाही, त्या घरात आपण भेटायला जातो. जाणं चांगलंच. पण तिथे बसून आपण बोलतो काय? "देवाची मर्जी." "चांगल्या माणसाला देव लवकर बोलावतो." आणि ओटीवरून खाली उतरलं की हळूच, "काहीतरी पाप आडवं आलं असेल." माझं मत असं की या उपवासकाळात मटण सोडलंत तसं हे बोलणंही सोडा.

२६ डिसेंबर २००४ आठवा. रविवार होता, नाताळचा दुसरा दिवस. वेलंकनीला यात्रेकरूंची गर्दी होती. कोणी नवस फेडायला आलं होतं, कोणी लेकराबाळांना घेऊन मातेच्या दर्शनाला. त्सुनामी आली आणि किनाऱ्यावरची शेकडो माणसं गेली. देऊळ वाचलं. आत जी माणसं होती ती म्हणाली, मातेने वाचवलं. खरं आहे, त्यांनी तसं म्हणावंच. पण जी बाहेर वाळूत होती त्यांचं काय? तीही मातेकडेच आली होती ना? या प्रश्नाचं उत्तर कोणाकडे नाही. माझ्याकडे नाही, फादरांकडेही नाही.

पण त्याच दिवसाचा दुसरा एक प्रश्न होता: आधी कळलं का नाही? याला मात्र उत्तर होतं. भूकंप सुमात्राजवळ झाला आणि लाट आपल्या किनाऱ्यावर पोचायला दोनेक तास लागले. तेवढ्या वेळात माणसं वर पळाली असती. पण आपल्या देशात त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. म्हणून ऑक्टोबर २००७ मध्ये ती हैदराबादला सुरू झाली, इन्कॉइसमध्ये, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात. ज्या शहराला दर्या नाही तिथे बसून माणसं रात्रंदिवस आपल्या दर्यावर नजर ठेवतात. मासळी कुठे मिळेल याचा अंदाज आणि उंच लाटांचा इशारा आपल्याला येतो, तो तिथूनच.

मग २०१७ चं ओखी आलं. केरळ आणि तामिळनाडूचे कितीतरी मच्छीमार बुडाले. त्यातली बरीच घरं आपल्यासारखीच ख्रिस्ती. वाऱ्याने भरकटलेल्या त्यांच्या बोटी पार आपल्या देवगडपर्यंत आल्या. इशारा निघाला तेव्हा कितीतरी बोटी आधीच खोल दर्यात होत्या, आणि मोबाईलची रेंज किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर संपते. निरोप पोचणार कसा? त्यानंतर २०१९ मध्ये उपग्रहावरून बोटीवर इशारा पोचवणारं 'जेमिनी' यंत्र आलं.

आता बघा. २००४ ला आणि २०१७ ला सगळ्यांनीच "देवाची मर्जी" म्हणून हात जोडले असते, तर हे काही झालं असतं का? कोणीतरी विचारलं, का? आणि ज्यांनी उत्तर द्यायला हवं त्यांना विचारलं.

म्हणून नाखवांनो, प्रश्नांचे दोन ढीग करा. बोटीवर जितकी माणसं तितकी लाईफ जॅकेट होती का? इशारा आला तरी बोट का सोडली? खलाशाचा विमा उतरवला होता का? मत्स्य संपदा योजनेत अपघाती मृत्यूला ५ लाखांचं विमा संरक्षण आहे, त्याच्या यादीत त्याचं नाव होतं का? बॉडी सापडली नाही तर कायद्याने मृत्यू धरायला सात वर्षं लागतात. तोवर त्या बाईने कोणाच्या तोंडाकडे बघायचं? हे सगळे प्रश्न माणसांचे आहेत. आपले, सोसायटीचे, सरकारचे. ते देवाच्या माथी मारणं म्हणजे भक्ती नाही, हयगय झाकणं आहे.

आणि उरलेला ढीग? चांगली बोट, हुशार तांडेल, सगळी जॅकेटं, तरी माणूस गेला. का? तिथे गप्प राहायला शिका. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली तेव्हा येशूने सरळ सांगितलं की ती इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती. मग आपण कोण पाप मोजणारे? ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसले, तोवर ठीक होतं. तोंड उघडून कारणं सांगायला लागले तेव्हा चुकले, आणि शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर, ओरडणाऱ्या ईयोबावर नाही.

गुड फ्रायडेला आपण ऐकतो ना, क्रुसावर खुद्द येशूने देवाला "का" म्हणून विचारलं. त्या घडीला वरून उत्तर आलं नाही. मग आपल्या एखाद्या बहिणीने तोच प्रश्न रडून विचारला तर तिचा विश्वास कमी कसा? ज्याच्याशी नातं तुटलं त्याच्याशी कोणी भांडत नाही. ती देवाशी भांडते म्हणजे तिने देवाला सोडलेलं नाही.

विश्वास म्हणजे उत्तर मिळणं नव्हे. पंडिता रमाबाईंचं बघा. आईबाप आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली, मग भाऊ, मग नवरा. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. का, ते त्यांना कोणी सांगितलं नाही. तरी केडगावच्या मुक्तीतल्या अनाथ बायकापोरींना त्यांनी सोडलं नाही आणि बायबलच्या मराठी भाषांतराचं कामही सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. उत्तराविना हातातलं काम करत राहणं, यालाच मी विश्वास म्हणतो.

तेव्हा या ईस्टरच्या आत प्रत्येक बोटमालकाने आपल्या खलाशांची कागदपत्रं आणि जॅकेटं तपासून घ्या. आणि ज्या घरात माणूस परत आला नाही तिथे जा. मासळी न्या, पोरांच्या फीचं विचारा, बाईबरोबर सरकारी ऑफिसात जा. कारण मात्र सांगू नका. तिने विचारलंच तर म्हणा, "बाय, मला पण माहीत नाही." आणि बसून राहा.