ट्रॅक्टरवरचा ‘बेस’ कुणाच्या जिवावर?

उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या भागात ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. इंजिन नव्हे, टेप! कोल्हापूर-हुपरी रस्त्याला गडमुडशिंगीत कुठेही उभे राहा. भरल्या उसाच्या दोन ट्रॉल्या मागं, पुढं ट्रॅक्टर, टपाखाली स्पीकरची रांग आणि सीटमागं सबवूफरची पेटी. खिडक्यांची तावदानं थरथरतात तेव्हा समजायचं, खेप चालली.

गाण्याला आमचा विरोध नाही. पहाटेपर्यंत अड्ड्यावर नंबर धरून बसणाऱ्या ड्रायव्हरला डुलकी लागू नये म्हणून टेप लागतो, हे आम्हाला कळते. कंपनीने गाडीत दिलेला स्टिरिओ अनेकदा बारीक आवाजाचा असतो, तेव्हा त्याला थोडी भर घालावी वाटणेही गैर नाही. गैर आहे ते मोटारीतली युक्ती उचलून जशीच्या तशी ट्रॅक्टरवर बसवणे.

सबवूफर म्हणजे फक्त जाड आवाजासाठीचा स्पीकर. बंद मोटारीत काचा लावल्या की हा जाड आवाज आतल्या आत घुमतो, त्यामुळे थोड्या ताकदीतही तो छातीत बसतो. उघड्या ट्रॅक्टरला ना दार ना काच. तिथे तोच आवाज वाऱ्यावर जातो. मग काय करायचे? आणखी एक पेटी, आणखी मोठा अ‍ॅम्प्लिफायर. पण कानाचे गणित वेगळे आहे. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. पेटीवर ‘१००० वॅट’ छापलेले असते ते बहुधा क्षणभराचे. सतत किती देतो ते आरएमएस आकड्यात बघायचे, आणि तो आकडा दुकानदार आपण होऊन क्वचितच सांगतो.

आता बॅटरीकडे या. खरोखर ३०० वॅट देणारा साधा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात ४० अँपिअरच्या आसपास ओढतो. गाणे सतत पूर्ण जोरात नसते म्हणून सरासरी १५ अँपिअर धरू. अड्ड्यावर इंजिन बंद आणि टेप चालू असेल तर ७५ अँपिअर-अवरची बॅटरी अडीच तासांत निम्मी उतरते. गव्हाणीकडे नंबर लागला की सेल्फ मारत नाही, मग मागचे शिव्या घालतात आणि दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची पळापळ. शिवाय रात्री रस्त्यावर बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाईट मंद होतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. जो उजेड रस्त्यावर पडायचा तो गाण्यात गेला, आता बोला!

पण बॅटरी नवी आणता येते. खरा धोका वेगळा आहे. जाड आवाज मोठा झाला की तो पातळ आवाज झाकून टाकतो; उलटे तितकेसे होत नाही. मागून येणाऱ्या एस.टी.चा हॉर्न, सायकलवरच्या पोराची घंटी, ‘ट्रॉलीची पिन निसटली’ म्हणून ओरडणारा माणूस, हे सगळे पातळ आवाज. दोन भरल्या ट्रॉल्या ओढणाऱ्याला मागचे धड दिसत नाही, आरसा उसाच्या मोळ्यांनी झाकलेला असतो. त्याला मागचे कळायला कान हाच एक आधार, आणि तोच त्याने पैसे देऊन बंद करून घेतलेला असतो. सकाळी शाळेच्या वेळेला त्याच रस्त्यावर तुमची-आमची लेकरे असतात. ओव्हरटेक करणारा हॉर्न देतो, पुढच्याला ऐकू येत नाही, तो त्याच वेळी खड्डा चुकवायला उजवीकडे घेतो. पुढचे लिहायला नको.

ड्रायव्हरच्या कानाचे कुणी बघतच नाही. ८५ डेसिबल आवाजात ८ तास ही सुरक्षिततेची मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९१ ला २ तास, १०० ला जेमतेम १५ मिनिटे. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरचे इंजिनच कानाशी नव्वदच्या आसपास असते. त्यावर चढवून टेप ऐकायचा म्हणजे तो शंभराकडे गेलाच. असे चार-पाच महिने, रोज. तिशीतला पोरगा ‘काय? काय?’ करायला लागला की घरचे म्हणतात लक्ष देत नाही.

जाता जाता एक गंमत. आपल्याकडे अशा दणक्याला ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनिअर, त्याने १९६५ साली कंपनी काढली आणि नाव कमावले ते टेपमधली खरखर कमी करून. त्याच्या नावाने आपण भिंती हादरवतो.

दारात मोटार असेल आणि तिला सबवूफर बसवायचाच असेल तर जरूर बसवा, पण काम नीट करून घ्या. कंपनीच्या स्टिरिओला अ‍ॅम्प्लिफायरसाठी वेगळी पिन बहुधा नसते. तेव्हा मागच्या स्पीकरच्या वायरवरून सिग्नल घेता येईल असा अ‍ॅम्प्लिफायर किंवा मधला कन्व्हर्टर घ्या, मूळ वायरिंग कापू देऊ नका. करंटची वायर थेट बॅटरीवरून, शुद्ध तांब्याची आणि जाड हवी. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी वायर स्वस्त मिळते, ती तापते. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज पाहिजे म्हणजे पाहिजेच. वायर पत्र्यावर घासून सोलली तर हा फ्यूजच गाडी वाचवतो. काही बहाद्दर फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथे तार गुंडाळतात. ट्रॅक्टरवर असे करणाऱ्याच्या मागं वाळलेल्या पाल्यासह टनावारी ऊस असतो, हे ध्यानात घ्या. अर्थिंगची वायर आखूड, रंग खरवडून कोऱ्या पत्र्याला. करंटची वायर एका बाजूने आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने न्या, नाहीतर इंजिनची सुं-सुं गाण्यात येते.

आता गावकारभाऱ्यांसाठी. कायदा नवा नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा. शाळा आणि दवाखान्याभोवतीची १०० मीटर जागा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते. मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमातही आवाजाची मर्यादा मोडणाऱ्या वाहनावर कारवाई आहे. पण दरवेळी पोलिसाची वाट का बघायची? ट्रॅक्टर आपलाच, ड्रायव्हर आपल्याच भावकीतला. पोलीस पाटलांनी हंगामाच्या तोंडावर गावातले ट्रॅक्टरवाले एकदा चावडीत बसवावेत. टेप बंद करा म्हटले तर कुणी ऐकणार नाही. त्यापेक्षा इतकेच ठरवा: चालत्या गाडीत सबवूफरची वायर काढलेली, इंजिनवर बसून हॉर्न ऐकू येईल एवढाच टेप, आणि शाळेसमोर तोही बंद. पेटीवर खर्चणार ते पैसे ट्रॉलीमागच्या रिफ्लेक्टरला आणि चालू टेललाईटला लावायला सांगा.

कारखान्यांनाही यातून सुटता येणार नाही. बावड्याचा राजाराम असो की हुपरीचा जवाहर, वाहतूकदाराशी हंगामापूर्वी करार होतो. त्या करारात आवाजाचे एक कलम घालायला काही खर्च येत नाही. वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॅक्टर थांबतोच. तिथेच पेटी जोडलेली दिसली तर ती सोडवून ठेवायची, परतीला द्यायची. दोन ऑक्टोबरची ग्रामसभा हंगामाच्या तोंडावरच येते. कारखान्याला पाठवायचा तसा ठराव सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज आधी द्यावा लागेल.