दिवा लावायची भीती



तुकोगंजातली सकाळ पोहे-जलेबीने उजाडते, रविवारी उपासनेनंतर चहा-बिस्किटे असतात. खाणे होते आणि मग आम्ही मधुमेही साखर तपासायचेच टाळतो. ग्लुकोमीटर कपाटात, पट्ट्यांची मुदत संपलेली. सुईपेक्षा आकडा जास्त टोचतो आणि "काय खाल्लंत?" हा प्रश्न त्याहूनही.

लूकच्या 15 व्या अध्यायातली बाई हरवलेले नाणे शोधायला आधी दिवा लावते. दिवा दोष देत नाही, फक्त दाखवतो. मीटरही तेवढेच करतो. उपाशीपोटी साखर बहुतेक मधुमेहींची 80 ते 130 मध्ये असावी. 190 आली तर ते पाप नव्हे. चुकलेली गोळी, अपुरी झोप, आजारपण, सगळेच त्यात उतरते. डॉक्टरांना वाट दाखवणारी ती खूण आहे.

आमचे मत असे की एकट्याचा उत्साह टिकत नाही, मंडळीचा टिकतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेनंतर, नाश्त्याआधी तपासू, वहीत लिहू. कोणी आकडा सांगितला तर उपदेश न करता ऐकू. रविवारी चहाची एक किटली बिनसाखरेची ठेवू.

पौलाने शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले. मंदिरात दिवा लावायला कशाला भ्यायचे? आमेन.