म्हैस हलली, शेणाचे काय?

शहर वाढत वाढत गावाच्या वेशीपर्यंत आले की एके दिवशी गोठ्याच्या दारावर नगरपालिकेची नोटीस लागते. म्हैस तीच, शेणही तेच; मग बदलले काय?

थोडे गणित करू. मोठी म्हैस दिवसाला सुमारे १५ ते २० किलो शेण टाकते. म्हणजे १०० म्हशींच्या तबेल्यात रोज दीड ते दोन टन! शेतावर हेच शेण खत होऊन पिकाला नत्र व स्फुरद परत देते. शहरातल्या म्हशीचा चारा मात्र दूरच्या रानातून येतो आणि त्यातले नत्र-स्फुरद रानात परत न जाता गटारातून नदीत जाते. मुंबईच्या दहिसर व ओशिवरा नद्यांनी हे वर्षानुवर्षे सोसले आहे. शेण कुजवणारे जीवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात व मासे गुदमरतात. साचलेल्या ओल्या शेणात उन्हाळ्याच्या दिवसांत आठ-दहा दिवसांत अंड्यांच्या माश्या होतात, ते वेगळेच. तेव्हा नियम हवेत, यात वाद नाही.

पण नियम कशाचा? आजवर आपला भर म्हैस हलवण्यावर राहिला. मुंबईतील तबेले बाहेर नेण्यासाठी १९४९ साली गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. दारा खुरोडी यांची ही योजना त्या काळी धाडसाचीच होती. तेव्हा आरे शहराबाहेर होते. आज मुंबईच्या इमारती तिला येऊन भिडल्या आहेत. १९७६ साली राज्याने शहरी भागात गुरे पाळण्यावर नियंत्रण आणणारा, परवाना लागू करणारा कायदा केला.

माझ्या मते परवाना देताना पहिला प्रश्न असावा: शेण कोठे जाणार? गोबर गॅस बसवला की झाले, असे पुष्कळांना वाटते. ते अर्धेच खरे. गॅसमधून मुख्यतः कार्बन निघून जातो. नत्र व स्फुरद मळीत तसेच राहतात. शिवाय मळी बहुतांशी पाणीच, ती दूर वाहून नेणे परवडत नाही. जवळपास ती जिरवणारी शेती किती आहे, त्यावर गुरांची संख्या ठरावी. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्याला आणि दोनशेंच्या तबेल्याला एकच माप लावणे तर मुळीच न्यायाचे नाही. त्यातून पहिल्याचा गोठा पुष्कळदा शेजारच्या इमारतीहून जुना असतो!

तुमच्या गावालगत गोठा असेल तर मालकांची परवानगी घेऊन एक दिवस शेणाच्या पाट्या मोजा. मग तेथले गटार कोठे जाऊन मिळते, ते चालत जाऊन पाहा.