साथीच्या धामधुमीत विसरलेले दुखणाईत

करोनाची साथ ही आता जागतिक आणीबाणी राहिली नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले, आणि त्या दिवसांचा विचार करणेही आपल्या लोकांनी सोडून दिले. मेलेल्यांची मोजदाद झाली, बरे झालेल्यांचे सत्कार झाले. परंतु ज्यांस करोना झालाच नाही, तरीही ज्यांच्या हालांस पारावार उरला नाही, त्या जुनाट दुखणाइतांचा हिशेब मांडण्याची फारशी कोणास आठवण राहिली नाही. तो मांडणे आम्हांस अवश्य वाटते.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, त्यास आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास, डायलिसिसच्या यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. थॅलसीमिया झालेल्या मुलास दर दोन ते चार आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त चढवावे लागते. ही कामे साथ सरेपर्यंत तहकूब ठेवता येत नाहीत. दवाखाने उघडे ठेवण्याची सरकारी हुकुमात मुभा होती हे खरे. पण तेथवर जावयाचे कशाने? आगगाडी बंद, मोटार बंद, रक्तदानाची शिबिरे ओस. दार उघडे आणि वाट बंद, अशी ही सवलत होती!

क्षयाचे पाहा. २०१९ साली देशात सुमारे २४ लक्ष क्षयरोग्यांची नोंद झाली. २०२० साली ती १८ लक्षांवर आली. रोग हटला म्हणून आकडा उतरला, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही.

सारा दोष सरकारच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन करोनावर चालते अशी हाकाटी होताच ज्याच्या गाठी पैसा होता त्याने ते घरी भरून ठेवले, आणि आमवात व ल्यूपस यांचे जे रोगी ते वर्षानुवर्षे घेत आले होते, ते दुकानोदुकानी वणवण फिरले. अखेर २६ मार्च २०२० रोजी सरकारला त्याच्या विक्रीवर निर्बंध घालावे लागले. करोनावर त्याचा उपयोग नाही हे पुढे मोठ्या चाचण्यांत ठरले. म्हणजे एकाचे औषध गेले आणि दुसऱ्यास गुणही आला नाही.

कोणी म्हणतील, घराला आग लागली असता विहिरीच्या वाटेवरील खड्डे कोण बुजवीत बसतो? आमचे उत्तर असे की, ते आग लागण्यापूर्वीच बुजवावयाचे असतात. १ मार्च २०२१ पासून ४५ वर्षांवरील व ठरावीक २० व्याधींपैकी एखादी असलेल्या लोकांस लस आधी मिळू लागली; तेव्हा अशा रोग्यांची निराळी दखल घेणे अशक्य नाही हे सिद्धच आहे. प्रत्येक नगरपालिकेने त्यांची नोंदवही आजच करावी. साथीत त्यांस तीन महिन्यांचे औषध एकदम द्यावे, येण्याजाण्यास परवाना व वाहन द्यावे, आणि डायलिसिसची व रक्तपेढीची जागा दुसऱ्या कामास घेऊ नये. औषधविक्रेत्यांनीही नेहमीच्या रोग्याचा वाटा आधी बाजूस काढून मग उरलेला माल विकावा.

मधुमेही व दमेकरी यांस जपावयाचे म्हणून आपण घरात बसविले. पण त्यांची तपासणी चुकली, फिरणे सुटले, माणसांची ये-जा थांबली, ह्याची विचारपूस केली नाही. मरू न देणे म्हणजे जगू देणे नव्हे. पुढील साथ केव्हा येईल हे कोणाच्या हाती नाही. नोंदवही आज उघडणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.